शाळा आपली, समिती कुणाची?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर एका मुलाचे नाव चढले. नाव होते भिवा रामजी आंबेडकर. वर्ग इंग्रजी पहिलीचा. त्या वर्गात त्याला बसायला स्वतःचे तरट घरून न्यावे लागत होते आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नव्हते. शिपाई नसेल तर पाणी नाही! त्याच मुलाने पुढे या देशाला संविधान दिले. राजवाड्यातली ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते, आणि ती चालवते सातारा जिल्हा परिषद. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा हा दिवस महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला.

म्हणजे ज्या शाळेने आपल्या बापाला अक्षर दिले ती शाळा जिल्हा परिषदेची आहे. तुमच्या-माझ्या गावातली, वस्तीच्या कडेला उभी असलेली, कौलांची नाहीतर पत्र्याची शाळाही जिल्हा परिषदेचीच आहे. या शाळांचे आज काय चालले आहे, याची बातमी आपण किती वाचतो? नेता कोणत्या आघाडीत गेला, कोणत्या गटाचे कोणत्या गटाशी जमले, याची बित्तंबातमी आपल्याला असते. पण आपल्या गावच्या शाळेचा पट किती, मास्तर किती, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण, हे विचारले तर दहातले आठ कार्यकर्ते गप्प बसतील. हा लेख त्या गप्प बसण्याविषयी आहे.

आपल्या दिवसांचे कॅलेंडर

आधी चांगल्या गोष्टी सांगू. जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्षभराचे कार्यक्रम पाहिले तर ते कॅलेंडर बरेचसे आपल्या चळवळीचे आहे. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस. २६ नोव्हेंबरला संविधान दिन. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, त्या दिवशी मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून भाषणे करतात. एप्रिलच्या ११ तारखेला जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. २६ जूनला शाळा नुकती उघडलेली असते तेव्हा राजर्षी शाहू.

हे आपोआप झालेले नाही. एक उदाहरण पुरे. २००५ साली नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी 'संविधान ओळख' हा उपक्रम सुरू केला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून संविधानाची उद्देशिका वाचली जाऊ लागली. एका जिल्हा परिषदेत सुरू झालेली ही गोष्ट पुढे राज्याने उचलली. २००८ साली महाराष्ट्र शासनाने संविधान दिन साजरा करण्याचा निर्णय घेतला. केंद्र सरकारला त्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील सर्व शाळांमध्ये परिपाठाच्या वेळी उद्देशिकेचे वाचन सुरू करण्याचा आदेश निघाला. एक अधिकारी योग्य जागी बसला, त्याने आपल्या अधिकाराचा योग्य वापर केला, आणि खेड्यातले सहा वर्षांचे पोर 'आम्ही भारताचे लोक' म्हणू लागले. गौतम धर्मसूत्राने ज्यांच्या कानात शिसे ओतायला सांगितले त्यांची नातवंडे आज हात पुढे करून समतेची शपथ घेतात. ही लहान गोष्ट नाही.

पण बंधू-भगिनींनो, उद्देशिका वाचणारे पोर ज्या शाळेत उभे आहे ती शाळाच उरली नाही तर? कार्यक्रमाची बातमी फोटोसह छापून येते. शाळा कमी होत चालल्याची बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळीत जाते. आपण फोटो कापून ठेवतो, चार ओळी वाचत नाही.

आधी मास्तर रोखले, मग पोरे मोजली

त्या चार ओळी आता नीट वाचू. २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याहून मोठी गोष्ट पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळांचा दाखला देण्यात आला. अशा लहान शाळा किती? शासनाच्याच आकडेवारीप्रमाणे १४,७८३. त्यात शिकणारी मुले १ लाख ८५ हजार ४६७, आणि शिक्षक २९,७०७. भागाकार करून पाहा, शाळेमागे बारा-तेरा पोरे आणि दोन मास्तर.

ही बारा-तेरा पोरे कुणाची? ती डोंगरातल्या पाड्यावरची आहेत, तांड्यावरची आहेत, पारध्यांच्या पालावरची आहेत, ऊसतोड्याची आहेत, बौद्धवाड्यातली आहेत. ज्याच्या दारात पिवळी गाडी येते, ज्याला वर्षाला वीस-पंचवीस हजार फी परवडते, त्याचे पोर केव्हाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले. गावच्या शाळेत राहिले ते ज्यांना दुसरा रस्ता नाही ते. म्हणून 'कमी पटाची शाळा' हा शब्द वरकरणी हिशेबाचा वाटला तरी त्याच्या पोटात जात आणि गरिबी दोन्ही बसलेल्या आहेत.

समूह शाळेच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे साफ खोटे आहे असेही नाही. चार इयत्ता, एक खोली आणि एक मास्तर, त्यातही तो मास्तर निम्मा वेळ मतदारयादी, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे यात गुंतलेला, अशा ठिकाणी पोर काय शिकणार? मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, खेळायला सवंगडी मिळतील. हे सगळे आपल्या पोरांना मिळालेच पाहिजे. पण मग दोन प्रश्नांची उत्तरे द्या. पहिला प्रश्न, सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून त्या शाळेत जाणार कशी? गाडी देऊ म्हणतात. गाडीचे पैसे दुसऱ्या वर्षी आले नाहीत, तर पहिल्यांदा घरी बसणार ती मुलगीच. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले, ते उगाच नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या शाळांचा पट कमी झाला कसा? मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यानंतर पवित्र पोर्टल आले, परीक्षा आली, आणि त्या मार्गाने पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ साल उजाडले. सात वर्षे! एका पोराचे पहिली ते सातवी हे सगळे आयुष्य त्यात गेले. मास्तर निवृत्त होत गेले, जागा रिकाम्या राहिल्या, शिक्षण कोलमडले. ज्याला जमले त्या पालकाने पोर काढून घेतले. पट घसरला. आणि मग तोच पट दाखवून म्हणायचे की, बघा, या शाळा चालत नाहीत! आधी विहिरीचे पाणी तोडायचे आणि नंतर म्हणायचे, हिला पाणी नाही, बुजवून टाका.

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने लहान शाळांतील शिक्षकपदांवर आणखी कात्री चालवली. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते की, पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पोरे असली तरी किमान दोन शिक्षक हवेत. कायदा संसदेचा, कात्री मंत्रालयाची. मास्तर मोर्चात होते. पालक कुठे होते? आणि आपल्या संघटना कुठे होत्या?

१८ सप्टेंबर २०२३ चा 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णयही याच ओळीतला. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची आणि ठरलेल्या रकमेच्या बदल्यात शाळेच्या नावाला आपले नाव जोडून घ्यायचे. मदतीला कुणाचा विरोध नाही. पण शाळा ही सरकारची जबाबदारी आहे, अनाथ लेकरू नव्हे की कुणी दत्तक घ्यावे. जोतीराव १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे हेच सांगत होते. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून सरकारचा महसूल येतो, मग त्याचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर का उधळता? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे करून दाखवले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांची पोरे एका शाळेत बसवली. एका लहानशा संस्थानाला जे परवडले ते या श्रीमंत राज्याला परवडत नाही काय?

बाबासाहेबांनी दिलेला इशारा

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अर्थसंकल्पावर बाबासाहेब बोलले. त्यांनी आकडे मांडले. या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या अंधारात पडतात, हेही त्यांनी सभागृहाला ऐकवले. संख्या हातात घेऊन सरकारला जाब विचारायचा, ही बाबासाहेबांची रीत. आपण त्यांचे पुतळे घेतले, रीत घेतली काय?

त्याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार सरकारकडून काढून जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे द्यायला सुरुवात झाली होती. हीच लोकल बोर्डे आजच्या जिल्हा परिषदांची पूर्वज. लोकांच्या हाती कारभार आला म्हणून अनेक पुढारी खूश होते. बाबासाहेब खूश नव्हते. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात शाळांचे हे हस्तांतर थांबवा अशी मागणी केली. कारण उघड होते. बोर्डावर बसणार कोण? गावचा पाटील, सावकार, सवर्ण. ज्याला महाराचे पोर शाळेच्या ओट्यावरही नको, त्याच्याच हातात त्या पोराच्या शाळेची चावी दिली तर काय होणार? लोकांच्या हातात सत्ता म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांच्या हातात, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. राखीव जागा आल्या, आपली माणसे सभागृहात बसू लागली. तरी प्रश्न जिवंतच आहे. शिक्षण सभापतीच्या खुर्चीवर कोण बसते, शाळाखोल्यांची कामे कुणाच्या ठेकेदाराला जातात, बदल्यांचे राजकारण कोण करते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातही २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपून वर्षानुवर्षे तिथे प्रशासक बसले. समूह शाळांचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक जिल्ह्यांत त्याला जाब विचारणारा निवडून आलेला सदस्यच नव्हता! लोकांची सत्ता गोठलेली असताना लोकांच्या शाळांचे निर्णय होत होते, याकडे चळवळीचे लक्ष किती होते?

शिकागोच्या पालकांनी काय केले

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला. तेव्हापासून त्या देशातल्या काळ्या माणसाच्या लढ्याशी आपले नाते आहे. तिथे सरकारी शाळा जिल्हावार चालतात आणि प्रत्येक शाळा-जिल्ह्याला आपले शाळामंडळ असते. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टोपेका गावच्या शाळामंडळाविरुद्धच्या खटल्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवण्यासाठी लष्कर आणावे लागले. ही कथा आपल्याला माहीत असते. पुढची कथा माहीत नसते.

२०१३ च्या मे महिन्यात शिकागो शहराच्या शाळामंडळाने एका झटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. कारण काय दिले? वर्ग रिकामे आहेत, पट कमी आहे, पैसा नाही! ओळखीचे वाटते ना? त्या शाळांतली बहुसंख्य मुले काळी होती. आणि ते शाळामंडळ लोकांनी निवडलेले नव्हते, शहराचा महापौर नेमत होता. तिथल्या ब्रॉन्झव्हिल या काळ्या लोकांच्या भागात डायेट हायस्कूल नावाची शाळा होती. तीही टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथले बारा पालक आणि कार्यकर्ते उपोषणाला बसले. चौतीस दिवस उपोषण चालले. त्यांची प्रत्येक मागणी मान्य झाली नाही, पण शाळा वाचली. २०१६ साली ती वस्तीतल्या मुलांसाठी पुन्हा उघडली. लोकांचा रेटा चालूच राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोच्या मतदारांनी इतिहासात प्रथमच शाळामंडळाचे काही सदस्य मतदानाने निवडून दिले.

यातून शिकायचे ते हे. पहिला लढा शाळेत शिरण्याचा असतो. तो आपण जिंकला. दुसरा लढा शाळा टिकवण्याचा आणि तिच्या कारभारात हक्काची जागा मिळवण्याचा असतो. तो लढा आपल्याकडे अजून नीट सुरूच झालेला नाही. शिकागोच्या काळ्या पालकांना जी खुर्ची मिळवायला इतकी वर्षे झगडावे लागले, तशी एक खुर्ची कायद्याने आपल्या दारात आणून ठेवली आहे, आणि ती रिकामी पडली आहे.

समितीची खुर्ची

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ वाचा. खासगी विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यातले पाऊणशे टक्के, म्हणजे चारात तीन सदस्य, पालक असले पाहिजेत. निम्म्या महिला असल्या पाहिजेत. आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक हा सचिव, अध्यक्ष नव्हे. १९२८ साली बाबासाहेबांनी जी भीती व्यक्त केली होती, तिला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

कलम २२ सांगते की, शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करील आणि त्या आराखड्याच्या आधारे शाळेला अनुदान मिळेल. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी पटाप्रमाणे संयुक्त अनुदान येते. तीसपर्यंत पट असेल तर दहा हजार, एकतीस ते शंभर पट असेल तर पंचवीस हजार. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती समितीच्या ठरावाने खर्च व्हायची असते. गणवेशाचेच पाहा. 'एक राज्य एक गणवेश' म्हणत शासनाने गणवेशाचे काम समित्यांकडून काढून वर नेले. २०२४-२५ च्या वर्षात अनेक शाळांत शाळा सुरू होऊन महिने गेले तरी पोरांच्या अंगावर गणवेश नव्हता. ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा समित्यांकडे आले. म्हणजे समिती नावापुरती नाही. तिच्या हातात सुई-दोऱ्यापासून खडू-फळ्यापर्यंतचा कारभार आहे.

आता खरी परिस्थिती सांगा. तुमच्या गावात ही समिती निवडली कशी गेली? पालकसभेची नोटीस कधी लागली, कुणी वाचली? बहुतेक ठिकाणी सरपंचाने नावे सांगितली, मुख्याध्यापकांनी लिहून घेतली आणि आपल्या वस्तीतल्या एखाद्या बाईची सही घरी रजिस्टर पाठवून घेतली. ती बाई रोजाने कामाला जाते. आपण समितीवर आहोत हेच तिला माहीत नसते! कागदावर प्रतिनिधित्व पुरे, खुर्चीवर माणूस नाही. याचा दोष नुसता सरपंचाला देऊन चालणार नाही. आपल्या वस्तीतला शिकलेला तरुण त्या सभेला का गेला नाही?

आणि आपल्यातल्या नोकरदार वर्गाला एक प्रश्न. बाबासाहेबांच्या पुण्याईने, शिष्यवृत्तीच्या पैशाने, जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकून तुम्ही साहेब झालात. तुमची मुले इंग्रजी शाळेत जातात, त्याबद्दल कुणी तुम्हाला नावे ठेवू नयेत. बापाने आपल्या लेकराचे भले पाहावेच. पण ज्या शिडीने वर आलात ती खाली कुणासाठी धरून ठेवली की तशीच पडू दिली? गावातल्या चुलत भावाच्या पोराची शाळा सुरू आहे की बंद, हे विचारायला वर्षातून एक फोन पुरतो.

करायचे काय?

भाषण पुष्कळ झाले, आता कामाचे बोलू. यातले कोणतेही काम करायला मोर्चाची परवानगी लागत नाही आणि नेत्याची वाट पाहावी लागत नाही.

एक, शाळा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत आपल्या गावच्या समितीची नावे, पत्ते आणि मुदत लिहून घ्या. मुदत संपली असेल तर पालकसभा बोलावण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सभेला वस्तीतून निदान दहा आया-बाया घेऊन जा. इतिवृत्त वाचून दाखवायला लावा.

दोन, विकास आराखडा मागा. त्यात मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, गळकी खोली आणि रिकामी शिक्षकपदे यांची नोंद आहे की नाही ते पाहा. नसेल तर ठराव लिहून घ्या. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, ठराव दप्तरात राहतो.

तीन, पोषण आहाराच्या खोलीत डोकावा. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. तुमच्या शाळेत कोण आहे? आपल्या बाईच्या हातचे अन्न गावची पोरे एका पंगतीत खातात, तेव्हा जातीच्या भिंतीला जो तडा जातो तो शंभर भाषणांनी जात नाही. ही नोकरी मानधनाची असली तरी ती जागा चवदार तळ्याच्या काठची जागा आहे.

चार, शिष्यवृत्तीचा हिशेब ठेवा. मागासवर्गीय गरीब मुलींना शाळेत यावे म्हणून १९९२ पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला! अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, ज्यात आपली बौद्ध मुलेही होती, ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद करून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. आपल्यापैकी किती जणांना हे कळले? ज्याला बातमी कळत नाही तो आंदोलन कशाचे करणार?

पाच, कोर्टाचा दरवाजा विसरू नका. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरिबांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. लढले ते जिंकले, आणि त्याचा फायदा न लढलेल्यांच्या पोरांनाही झाला.

सहा, जयंतीच्या वर्गणीचा दहावा हिस्सा शाळेसाठी बाजूला काढा. डीजेचा आवाज एका रात्रीत विरतो. त्या पैशातून वाचनालयाचे एक कपाट आले तर ते वीस वर्षे बोलत राहील. एप्रिलमध्ये कपाट द्या आणि ७ नोव्हेंबरला त्यातली किती पुस्तके वाचली गेली ते पोरांनाच विचारा. विद्यार्थी दिवस साजरा करण्याची याहून चांगली रीत कोणती?

साताऱ्याच्या रजिस्टरमधले १९१४ क्रमांकाचे ते पान आजही जपून ठेवले आहे. लोक ते भक्तिभावाने पाहतात. पण रजिस्टर एकाच शाळेत नसते. तुमच्या गावच्या शाळेतही आहे. या जूनमध्ये त्यात एखाद्या पारध्याच्या मुलीचे, एखाद्या मातंगाच्या, बौद्धाच्या पोराचे नाव चढणार आहे. ते पोर पुढे कोण होईल हे आज कुणालाच ठाऊक नाही, जसे १९०० साली साताऱ्यात कुणाला ठाऊक नव्हते. त्याचे नाव लिहायला शाळा जागेवर असली पाहिजे आणि वर्गात मास्तर असला पाहिजे. ते पाहायची जबाबदारी समितीची आहे. समितीची खुर्ची रिकामी ठेवू नका. येत्या पालकसभेला जा, आणि एकटे जाऊ नका.

जयभीम!